हरकत कोणाची?

आमच्या ऑफिसात आणि आयपीएलमध्ये काही शब्द अगदी सारखे वापरले जातात. रिटेन, रिलीज, बेंच, रिप्लेसमेंट. ऐरोलीच्या आयटी पार्कात कॅन्टीनच्या रांगेत कोणी म्हणालं की 'डिसेंबरपर्यंत मला रिलीज करत नाहीयेत', तर हा माणूस जावा लिहितो की ऑफस्पिन टाकतो हे कळायला आणखी दोन वाक्यं ऐकावी लागतील.

या शब्दांत सहा-सात वर्षं काढल्यामुळे असेल, १५ नोव्हेंबर २०२५ च्या शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या क्रिकेट ग्रुपवर जे सुरू झालं ते मला सहन झालं नाही. बातमी तुम्हाला आठवत असेल. संजू सॅमसन राजस्थान रॉयल्स सोडून चेन्नई सुपर किंग्जकडे गेला आणि त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानकडे. सॅमसनला राजस्थानात राहायचं नाही, अशा बातम्या ऑगस्टपासून येत होत्या. राजस्थान त्याला सोडायला तयार नव्हतं, आणि सोडायचंच तर तोलामोलाचं काहीतरी हवं, असं सांगत होतं. तीन महिने घासाघीस झाली आणि सौदा ठरला.

ग्रुपवरचा सूर दोन प्रकारचा होता. सॅमसनबद्दल: 'ज्या संघानं कॅप्टन केलं त्याला लाथ मारली.' राजस्थानबद्दल: 'सोडायलाच नको होतं. कॉन्ट्रॅक्ट आहे ना? बसवायचं होतं वर्षभर बाकावर. आपोआप सरळ आला असता.' हे दुसरं वाक्य लिहिणारा माणूस स्वतः महापेच्या एका कंपनीत काम करतो. जूनमध्ये याच माणसानं मला रात्री साडेअकराला फोन करून विचारलं होतं, 'अरे, नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे आणि हे लोक एक दिवससुद्धा कमी करत नाहीयेत, काही करता येतं का?'

हा लेख त्याच्यासाठी आहे. थोडा माझ्यासाठीही आहे, ते पुढे येईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नाराज खेळाडूला सोडायला संघ कचरतो यात काही गैर नाही. चांगला माणूस जाऊ नये असं कोणालाही वाटेल. पण अडवून ठेवण्याला 'किंमत ओळखणं' म्हणायचं, आणि जाऊ इच्छिणाऱ्याला कृतघ्न म्हणायचं, ही जी आपली प्रेक्षक म्हणून सवय आहे, ती लबाडीची आहे. लबाडी अशी, की या व्यवहारात निष्ठा एकाच बाजूकडून मागितली जाते आणि आपण नेमके दुसऱ्या बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतो.

*

सगळ्यात आधी जडेजाच घ्या, कारण या एकाच माणसाच्या कारकिर्दीत या नियमाची दोन्ही टोकं सापडतात.

२००८ साली शेन वॉर्नच्या राजस्थाननं पहिली आयपीएल जिंकली तेव्हा जडेजा एकोणीस वर्षांचा होता. दोन हंगाम तो तिथे खेळला. तोवर तो भारतीय संघात आला होता आणि बाजारात आपल्याला याहून बरीच जास्त किंमत आहे हे त्याला दिसत होतं. २०१० च्या हंगामाआधी राजस्थानच्या नव्या करारावर त्यानं सही केली नाही आणि दुसऱ्या संघाशी बोलणी केली. हा दुसरा संघ म्हणजे आपली मुंबई इंडियन्स, असं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. शिक्षा काय झाली? एक पूर्ण हंगाम बंदी. एकवीस वर्षांच्या पोरानं 'दुसरीकडे काय मिळेल' असं विचारलं, एवढा गुन्हा.

बंदी संपली. २०११ मध्ये कोची टस्कर्सनं त्याला साडेनऊ लाख डॉलरला घेतलं आणि २०१२ च्या लिलावात चेन्नईनं वीस लाख डॉलरला. म्हणजे बाजाराबद्दल त्या पोराचा अंदाज बरोबरच होता. संघावर बंदी असलेली दोन वर्षं सोडली तर पुढे तो चेन्नईचाच राहिला.

आता दुसरं टोक. नोव्हेंबर २०२५. चेन्नईला सॅमसन हवा होता, म्हणून जडेजा राजस्थानला गेला. ज्या संघानं पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या बोलणी करण्याला आक्षेप घेतला होता, त्याच संघाकडे. अठरा कोटींचा जडेजा तिथे चौदा कोटींना गेला. नियमाप्रमाणे खेळाडूची संमती लागते, आणि ती त्यानं दिली असणारच. पण हे चित्र जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. खेळाडू दुसऱ्या संघाशी बोलला तर त्याला बंदी. संघ दुसऱ्या संघाशी खेळाडूबद्दल बोलला तर त्याला म्हणतात ट्रेड विंडो, आणि टीव्हीवर त्याचा खास कार्यक्रम असतो.

दर नोव्हेंबरात प्रत्येक संघ एक यादी जाहीर करतो. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. मला एवढंच विचारायचंय की खेळाडूंनी दिलेली यादी कधी बघितलीय का तुम्ही?

*

लगेच उत्तर येतं, 'सही केली ना करारावर? मग पाळ की.' हा मुद्दा हलका नाही. करार पाळायचाच असतो. पण करार कशा परिस्थितीत होतो ते बघू.

लिलावात खेळाडू नाव नोंदवतो. कोणता संघ घेणार हे त्याच्या हातात नाही. घेतल्यावर जायचं नसेल तर? पुरेसं कारण न देता माघार घेतली म्हणून इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये दोन हंगामांची बंदी आली. तीन वर्षांनी मोठा लिलाव येतो, तेव्हा तरी सुटका? तिथे 'राईट टू मॅच' नावाचं कार्ड आहे. जुन्या संघानं बोलीची बरोबरी केली की खेळाडू परत तिथेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतवर लखनौची बोली २०.७५ कोटींवर थांबली, तेव्हा दिल्लीनं हे कार्ड काढलं. लखनौनं उडी मारून २७ कोटी केले म्हणून तो सुटला. आपण त्या आकड्याकडे तोंडाचा आ करून पाहत राहिलो. दिल्लीबाहेर पडण्यासाठी त्याच्यावर दुसऱ्या कोणीतरी सव्वासहा कोटी जास्त लावावे लागले, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

'सत्तावीस कोटी मिळतात त्याची कसली दया?' अगदी बरोबर, पंतची दया करू नकाच. पण याच नियमांत तीस लाखांच्या मूळ किमतीचा, अजून एकही सामना न मिळालेला रणजीपटूही बांधलेला असतो. तो दोन-दोन हंगाम डगआउटमध्ये पाण्याच्या बाटल्या घेऊन पळतो. दुसऱ्या संघाला तो हवा असेल तरी त्याला विचारायला जाता येत नाही. त्याची बातमी होत नाही, म्हणून आपण सॅमसनवर बोलतो.

तुलनेसाठी बास्केटबॉलकडे बघू. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये नाराज खेळाडूंचं हे नाटक जवळजवळ दरवर्षी चालतं आणि तिथेही संघ सोडायला नाखूशच असतात. २०२१ मध्ये बेन सिमन्सनं फिलाडेल्फियाला सांगितलं, मला इथे खेळायचं नाही. संघानं महिनोन्‌महिने त्याला दुसरीकडे पाठवलं नाही, दंड केला. तो त्या हंगामात त्यांच्यासाठी एकही सामना खेळला नाही. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ब्रुकलिनला गेला, आणि बदल्यात आला जेम्स हार्डन, जो ब्रुकलिनमध्ये तितकाच नाराज होता. त्याच वर्षी जूनअखेर केविन ड्युरँटनं ब्रुकलिनकडे तशीच मागणी केली. ब्रुकलिननं नकार दिला, ऑगस्टमध्ये 'आता सगळं मिटलंय' असं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला फिनिक्सला पाठवलं. अडवून काय मिळवलं? अर्धा हंगाम.

पण तिथे आणि इथे एक मोठा फरक आहे. तिथला करार संपला की खेळाडू खरोखर मोकळा होतो. कोणाशीही बोलू शकतो, हवा तो संघ निवडू शकतो. त्यामुळे घड्याळ दोघांच्याही डोक्यावर टिकटिकत असतं. आज अडवलंस तर उद्या फुकट जाईन, हे खेळाडू न बोलता सांगू शकतो. हा हक्क कोणी दान केला नाही. तिथल्या खेळाडूंची संघटना १९५४ पासून आहे. १९६४ साली बोस्टनच्या ऑलस्टार सामन्याआधी त्या काळचे सगळे मोठे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. पेन्शनचं आश्वासन मिळाल्यावरच बाहेर आले. १९७० मध्ये संघटनेचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसननं लीगवर दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि त्यातून मोकळ्या बाजाराची वाट उघडली.

आपल्याकडे २०१९ मध्ये खेळाडूंची एक अधिकृत संघटना निघाली. ती निवृत्त खेळाडूंची आहे. खेळणं थांबवल्यावर तुम्हाला आवाज मिळतो! जगातली सगळ्यात श्रीमंत क्रिकेट लीग, आणि त्यात आज खेळणाऱ्या खेळाडूच्या वतीनं बोलायला त्याचा एजंट सोडून कोणी नाही.

*

आता माझ्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो मीच मांडतो, कारण ग्रुपवर कोणी मांडला नाही.

अडवून ठेवल्यानं कधीकधी फायदा होतो. भरपूर होतो. मे २००७ मध्ये कोबी ब्रायंटनं लॉस एंजेलिस लेकर्सला जाहीरपणे सांगितलं, मला दुसरीकडे पाठवा. लेकर्सनं पाठवलं नाही. २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी त्याच कोबीच्या जोरावर मिळवली. आपल्याकडे २०२२ मध्ये चेन्नईनं जडेजाला कप्तान केलं, आठ सामन्यांनंतर कप्तानी परत धोनीकडे गेली, पुढे जडेजा दुखापतीमुळे हंगामातले शेवटचे सामने खेळला नाही. नंतर त्यानं इन्स्टाग्रामवरून चेन्नईच्या पोस्ट काढून टाकल्याच्या बातम्या आल्या. तो जाणार, असं सगळे धरून चालले होते. चेन्नईनं त्याला ठेवलं. २०२३ च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या होत्या. मोहित शर्माला सरळ षटकार, मग पायांवरून चौकार. धोनीनं त्याला उचलून घेतलं. नेरुळमध्ये रात्री दीड वाजता आमच्या इमारतीत लोक जिन्यात येऊन ओरडत होते, मीही होतो.

म्हणजे 'सोडू नका' म्हणणारे बरोबर?

थोडं नीट बघू. लेकर्स नुसते करारावर बोट ठेवून बसले नव्हते. कोबीची तक्रार होती की हा संघ जिंकण्याच्या लायकीचा नाही. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी पाऊ गसोलला आणलं. तक्रार खरी होती आणि त्यांनी ती दूर केली. चेन्नईच्या बंद दाराआड काय बोलणं झालं ते दार बंद करणाऱ्यांना ठाऊक, पण मैदानावर दिसलं ते असं: जडेजावर पुन्हा कप्तानीचं ओझं टाकलं नाही, त्याला त्याचं काम दिलं, मोठ्या रकमेला कायम ठेवलं.

फिलाडेल्फियानं काय केलं? दंड. ब्रुकलिननं काय केलं? पत्रक काढलं.

दोन्हीकडे संघाचं उत्तर 'नाही' हेच होतं. फरक पुढच्या कामात होता. नाही म्हणायचा अधिकार संघाला असेलही, पण तो वापरल्यावर संघाच्या अंगावर एक काम येतं: हा का जातोय हे शोधणं आणि त्यातलं जे खरं असेल ते बदलणं. ते काम न करता नुसतं नाही म्हणणारा संघ खेळाडू राखत नसतो, त्याचे दिवस राखत असतो.

*

हे झालं फ्रँचायझींचं. तिथे निदान पैशांचा हिशेब उघड असतो. आपल्या मुंबई क्रिकेटमध्ये याहून जड भाषा वापरतात: 'मुंबईनं तुला घडवलं.'

एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालनं मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितलं. त्याला गोव्याकडून खेळायचं होतं, तिथे नेतृत्वाची संधी होती. दुसऱ्या दिवसापासून नळावर भांडावं तसे लोक भांडायला लागले. उत्तर प्रदेशातून आलेलं पोर, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिलं, पाणीपुरी विकली, मुंबईनं मोठं केलं आणि आता बघा.

मला या वाक्यातला कर्ता कळत नाही. तंबूत कोण झोपलं होतं? पोर झोपलं होतं. घरी कोणी ठेवून घेतलं? ज्वाला सिंग नावाच्या एका प्रशिक्षकानं. बेचाळीस रणजी विजेतेपदं असलेल्या मुंबईनं त्याला मैदानं दिली, स्पर्धा दिल्या, खडूसपणा दिला, हे खरंच आहे आणि मोठं आहे. पण त्याची परतफेड त्यानं मुंबईसाठी धावा करून केली. मुंबईच्या तंबूतल्या रात्रींचं श्रेयही मुंबईच घेणार असेल तर त्या पोरानं नक्की कशाचे आभार मानायचे?

असोसिएशननं मात्र तेव्हा शहाणपणा केला. प्रमाणपत्र देऊन टाकलं. अडवलं नाही. आणि मग काय झालं? महिनाभरात जैस्वालनंच पत्र लिहून ते मागे घ्यायची विनंती केली. जूनअखेर ती मान्य झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जयपूरला राजस्थानविरुद्ध मुंबईकडून तो खेळला: ६७ आणि १५६. दार उघडं होतं म्हणून परत येता आलं. कडी लावून ठेवली असती तर तो मुंबईकडूनच खेळला असता कदाचित, पण मनात गोवा ठेवून.

सिद्धेश लाडचं तेच. दिनेश लाड सरांचा मुलगा, मुंबईच्या रक्तातलाच. २०२२ मध्ये गोव्याला गेला, पुन्हा मुंबईकडे आला. पृथ्वी शॉ जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे गेला. ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध त्यानं २२२ केल्या. मुंबईनं त्याला सोडलं यात मुंबईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथे तो अडकून कुजण्यापेक्षा पुण्याच्या संघात खेळतोय हे चांगलंच झालं. वसीम जाफर विदर्भाला गेला तेव्हा इथे त्याला कोणी उठून निरोप दिल्याचं मला आठवत नाही. विदर्भानं त्याच्यासोबत २०१८ आणि २०१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. मुंबईत राहिला असता तर ते ज्ञान मुंबईच्याच एखाद्या बाकावर बसलं असतं.

आणि एक गोष्ट तर माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर घडली. २ नोव्हेंबर २०२५, डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम. पावसानं दोन तास खाल्ले, सामना संपायला मध्यरात्र झाली, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. स्टेडियमच्या बाजूच्या हायवेवर गाड्यांचे हॉर्न पहाटेपर्यंत वाजत होते. त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. रणजी पदार्पणात २६० धावा करणारे, कारकिर्दीत अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा करूनही भारताकडून एकही सामना न मिळालेले. मुंबईला २००६-०७ चा रणजी करंडक त्यांनी कप्तान म्हणून जिंकून दिला होता. २००९ मध्ये त्यांना संघात जागा राहिली नाही, तेव्हा ते आसामकडे गेले, पुढे आंध्रकडे. त्या रात्री सगळ्या वाहिन्यांवर 'मुंबईकर मुजुमदार' झळकत होतं. जाणारा मोठा झाला की तो पुन्हा आपला असतो. जाताना तो कोणाचा असतो?

*

आता माझं.

२०२२ साली आमच्या धंद्यात नोकऱ्या बदलायची लाट होती. मी तीन वर्षांचा अनुभवी होतो, एका कंपनीत होतो, नाव महत्त्वाचं नाही. एका ठिकाणी चांगली संधी मिळाली, त्यांना मी पंचेचाळीस दिवसांत हवा होतो. माझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. उरलेल्या दिवसांचे पैसे भरायला मी तयार होतो, ऑफर लेटरसोबत हिशेबही करून ठेवला होता. मॅनेजर मला केबिनमध्ये घेऊन बसला. 'तू या टीमचा कणा आहेस,' म्हणाला. 'तुला असं सोडणं म्हणजे क्लायंटशी बेइमानी होईल. आपण एक फॅमिली आहोत.' खरं सांगतो, मला बरं वाटलं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला कोणी कणा म्हटलं की तो ताठ बसतो. तिकडची ऑफर वाट बघून गेली. मी राजीनामा मागे घेतला.

पुढच्या वर्षी क्लायंटनं प्रोजेक्ट बंद केला. मला बेंचवर टाकल्याचा मेल शुक्रवारी संध्याकाळी आला. त्यात माझा एम्प्लॉयी नंबर होता आणि साठ दिवसांत दुसरा प्रोजेक्ट शोधा अशी सूचना. कण्याचा उल्लेख नव्हता.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी लोकांनी 'अरेरे' केलं आहे. पण ती इथेच संपवली तर मीही त्या ग्रुपवाल्यासारखाच होईन. मी आता दुसऱ्या कंपनीत टीम लीड आहे. आठ जणांची टीम. त्यातली एक मुलगी, सांगलीकडची, आमच्यातली सगळ्यात तल्लख. मार्चमध्ये तिनं डेटाच्या टीमकडे बदली मागितली. त्यासाठी रिलीजचा फॉर्म असतो, त्यावर लीडचा शेरा लागतो. मी लिहिलं: 'क्रिटिकल रिसोर्स. या तिमाहीत शक्य नाही.' जुलैमध्ये तिनं पुन्हा मागितली. मी मार्चचा शेरा कॉपी-पेस्ट केला.

तिनं भांडण केलं नाही. काम चोख करत राहिली. पण कोड रिव्ह्यूमध्ये पूर्वी जी प्रत्येक ओळीला 'हे असं का?' विचारायची, ती फक्त 'अप्रूव्ह्ड' लिहायला लागली. साडेनऊला येणं, साडेसहाची बस. मला वाटलं, चला, स्थिर झाली. आकड्यांमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. मी तिचे दिवस राखले होते.

त्या शनिवारी ग्रुपवर 'बसवायचं होतं बाकावर' हे वाक्य वाचून मला आधी राग आला, आणि मग लक्षात आलं की मी नेमकं हेच केलंय. सोमवारी तिला बोलावून सांगितलं की रिलीज देतोय, सहा आठवड्यांत हँडओव्हर करू. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, 'थँक्यू. पण सर, मग मार्चमध्ये काय अडचण होती?'

मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर होतं: अडचण काहीच नव्हती. तू गेलीस तर मला दोन माणसं शिकवावी लागली असती आणि माझे शनिवार गेले असते. आता ते जातायत. परवा रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं आणि जे तिनं दहा मिनिटांत शोधलं असतं ते आम्हा तिघांना सकाळपर्यंत सापडलं नाही. सोडण्याची किंमत असते, हे मी नाकारत नाही. ती किंमत आजवर तिच्याकडून वसूल केली जात होती, आता मी भरतोय, इतकंच.

*

म्हणून माझ्या मित्रा, आणि ग्रुपवरच्या सगळ्यांनो, तीन गोष्टी.

संघांनी दर नोव्हेंबरात यादी द्यावी, खुशाल द्यावी. पण त्याच खिडकीत खेळाडूलाही 'मला जायचंय' असं अधिकृतपणे, बंदीच्या भीतीशिवाय सांगता यावं, आणि संघानं त्याला कारणासकट लेखी उत्तर द्यावं. ट्रेडमध्ये दोन संघांत किती पैसे फिरतात ते जाहीर व्हावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला तेव्हा मालकांमध्ये किती रक्कम फिरली ते प्रेक्षकांना अधिकृतपणे कधी सांगितलं गेलं नाही. रोहितची कप्तानी गेल्याचा राग मात्र वानखेडेवर हार्दिकवर निघाला. पैसे ज्यांनी दिले-घेतले ते वातानुकूलित खोल्यांत होते, शिट्या आणि शिव्या खाल्ल्या त्या गोलंदाजीच्या रनअपवर उभ्या असलेल्या माणसानं. आणि तिसरं, आज खेळणाऱ्या खेळाडूंची संघटना. हे तर त्यांनीच करायचंय, पण ज्या दिवशी ते करतील त्या दिवशी आपण 'माज आलाय' म्हणणार नाही, एवढं आधी ठरवून ठेवू.

आणि हे काहीच होणार नसेल, तर निदान भाषा बदला. सॅमसन गेला, तर 'गेला' म्हणा. 'लाथ मारली' म्हणू नका. लाथ मारायला आधी दार आपलं असावं लागतं.

जाता जाता: ग्रुपवरच्या त्या माझ्या मित्राचा नव्वदावा दिवस सप्टेंबरअखेर भरला. शेवटच्या महिन्यात त्याला काहीही काम नव्हतं. रोज महापेला जाऊन तो संध्याकाळपर्यंत जुने सामने बघायचा. जिथे जायचं होतं तिथली जागा तोवर भरली होती. तो अजून त्याच कंपनीत आहे. एचआरनं त्याला परत घेताना मेल पाठवला होता, त्यानं मला फॉरवर्ड केला. विषय होता: 'तुम्हाला रिटेन करताना आनंद होत आहे.'